घरटी एक

मुख्याध्यापिका बाई घरी आल्या तेव्हा आई खिडकीशी बसून नातीच्या फ्रॉकची शिवण उसवत होती आणि मिस्त्री नुकताच कामावरून येऊन हातपाय धूत होता. त्याला मिस्त्री सोडून दुसरं काही कुणी म्हणत नसे. वस्तीतल्या निम्म्या दारांना आणि खिडक्यांना त्याचा हात लागलेला. रस्त्यानं जाताना एखादं दार कुरकुरलं तर तो थांबून त्याच्याकडे असा बघायचा, की आत राहणारी माणसं वरमून बाहेर यायची. बाईंना दारात बघून तो ओल्या हातांनीच पुढे झाला. त्याची सहा वर्षांची लेक, बबडी, त्यांच्याच शाळेत पहिलीत होती. आज हिनं काय प्रताप केले, हाच त्याच्या मनात आलेला पहिला विचार.

पण बाई बबडीसाठी आल्या नव्हत्या. युद्ध संपून सहा वर्षं होत होती. त्यांच्या शाळेत शिकून गेलेली नऊ मुलं त्यात मारली गेली होती, आणि शाळेच्या पुढच्या भिंतीवर त्यांची नावं बसवायची असं ठरलं होतं. नुसती नावं नकोत, बाई म्हणाल्या. नावाखाली घरच्यांनी चार ओळी लिहून द्यायच्या, आणि त्या दिवशी अंगणात घरच्यांनीच त्या वाचायच्या.

"तुमच्या शिट्ट्याच्या मलाही लिहिता येतील चार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. "म्हणजे तुमच्या धाकट्याच्या. मला तो शिट्ट्या म्हणूनच आठवतो हो. गणिताच्या तासाला शिट्टी वाजवली म्हणून कितीदा बाहेर उभा केलाय. तर बाहेर उभा राहून वाजवायचा."

आई हसली. हसताना तिनं फ्रॉक मांडीवर ठेवला आणि सुई फ्रॉकमध्येच खोचून दिली. चाळीस वर्षं इस्पितळाच्या शिवणखात्यात चादरी आणि रुग्णांचे अंगरखे शिवलेली बाई; हसताना काय, झोपेतही सुई हरवायची नाही.

"लिहून देऊ की," ती म्हणाली. "थोरला लिहील, त्याचं अक्षर चांगलं आहे. काय रे? लिही, की त्याच्या नावाचं पत्रसुद्धा आलं नव्हतं. तरी स्वतःच्या हौसेनं गेला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. असं कितीजणांना म्हणता येईल, बाई?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

मिस्त्री टॉवेलनं हात पुसत होता. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी तो पुसत राहिला.

बाप गेला तेव्हा मिस्त्री सोळा वर्षांचा होता आणि शिट्ट्या पाच. बापही सुतारच, दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पाय घसरला आणि संध्याकाळपर्यंत संपलं. दुसऱ्या महिन्यात मिस्त्रीनं शाळा सोडून बापाची हत्यारं हातात घेतली. आई दिवसभर इस्पितळात, त्यामुळे धाकट्याला अंघोळ घालणं, शाळेत सोडणं, त्याच्या तक्रारी ऐकून घेणं, सगळं यानंच केलं. शिट्ट्या त्याला दादा म्हणायचा, पण शाळेच्या कागदावर पालकाची सही दादाची असायची. सोळाव्या वर्षी धाकटा दुकानात येऊ लागला. रंधा मारताना शिट्टी, पॉलिश घासताना शिट्टी, गिऱ्हाईक बोलत असतानाही शिट्टी. काम मात्र असं नीट करायचा, की गिऱ्हाईक शिट्टीची तक्रार विसरून जायचं.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी नियम आला: घरटी एक माणूस. ज्या घरातून अजून कुणी गेलेलं नाही, त्या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावानं पत्र यायचं. त्याला जमत नसेल तर घरातला दुसरा पुरुष बदली चालेल, फक्त दोघांनी कचेरीत जाऊन सही करायची.

पत्र आलं ते दुकानात, सकाळी, मिस्त्रीच्या हातात. त्याच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. पत्र वाचून तो घाबरला, आणि हे त्यानं आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. बाप पडला त्या दिवशीही तो एवढा घाबरला नव्हता. दुपारपर्यंत त्यानं कागद खिशात ठेवला. मग बाहेर काढला. समोर शिट्ट्या जमिनीवर बसून एका खुर्चीचा पाय घासत होता.

कसला कागद, असं शिट्ट्यानं विचारलं नव्हतं. शिट्ट्यानं आपणहून काही म्हटलं नव्हतं. मिस्त्रीनंच विचारलं.

आणि घरी सांगताना पोरगं म्हणालं, "आई, मी नाव दिलंय. मलाच हौस आली." हेही त्यानंच ठरवलं होतं, घरी येताना, वाटेत. "पत्र तुझ्या नावाचं होतं असं सांगू नकोस, दादा. वहिनीला या दिवसांत उगाच घोर. आणि आई तुला आयुष्यभर बोलेल. मला काय, आठ दिवस बोलेल."

आई त्याला बोलली नाही. तेच वाईट झालं. नवरा असा गेलेला, दोन पोरं हाताशी धरून दिवस काढलेले, आणि आता एक एकोणिसाव्या वर्षी हौस म्हणून मरायला निघतो! तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. निघायला अकरा दिवस होते. अकरा दिवस ती त्याला वाढायची, त्याचे कपडे धुवायची, सदऱ्याची गुंडी सैल दिसली तर लावून ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. तो पुढे पुढे करायचा, नकला करायचा, तिच्यासमोर बसून मुद्दाम बेसूर शिट्टी वाजवायचा. ती उठून आत जायची. शेवटच्या दिवशी तिनं डबा भरून टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजली. स्टेशनवर मिस्त्री एकटा गेला.

पाचव्या महिन्यात पत्र आलं आणि पत्रामागोमाग एक अधिकारी. नदीवरच्या एका पुलापाशी शिट्ट्याच्या तुकडीवर मारा झाला होता. तिथंच त्याला आणि इतर बाराजणांना पुरलं होतं. ती जागा आता सीमेपलीकडे होती. म्हणजे जाऊन उभं राहायलाही काही नव्हतं.

सुरुवातीचं एक वर्ष आईनं त्याचं नाव काढलं नाही. मग हळूहळू काढू लागली, आणि एकदा काढलं ते असंच: हौसेनं गेला. ज्या गोष्टीचा तिला राग आला होता तिचाच तिनं अभिमान करून टाकला. त्या अभिमानाशिवाय तिला जगता आलं नसतं. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला चौघं टेबलाभोवती बसायची, आणि आई बबडीला काकाची तीच गोष्ट सांगायची. मिस्त्री मान खाली घालून जेवायचा. लोकांना वाटायचं, भावाच्या दुःखात आहे बिचारा. ते खोटंही नव्हतं.

आता चार ओळी लिहायच्या होत्या.

त्यानं तीन संध्याकाळी प्रयत्न केला. कागद घेऊन बसायचा, नाव लिहायचा, जन्मतारीख लिहायचा आणि पेन्सिलीला टोक काढत बसायचा. तिसऱ्या दिवशी बायको शेजारी येऊन बसली. टेबलावरचा पेन्सिलीचा भुगा तिनं तळहातानं गोळा केला.

"उद्या मी बबडीला घेऊन ताईकडे जाते," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत येत नाही."

"का?"

"तुम्हाला आईंशी बोलायचंय म्हणून."

 तिनं त्याला एकदाच, बबडी पाळण्यात असताना, विचारलं होतं, "त्या पत्रावर नाव कुणाचं होतं हो?" तो म्हणाला होता, "कामं पडलीत, नंतर बोलू." ते नंतर कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी आई शिलाई मशीनवर बसली होती. मिस्त्री समोर जाऊन उभा राहिला. बसायला हवं हे त्याला सुचलं नाही.

"आई, पत्र आलं होतं. माझ्या नावाचं."

मशीन चालूच होतं. तिला ऐकू गेलं नाही असं वाटून त्यानं पुन्हा सांगितलं. तेव्हा तिनं चाकावर तळहात ठेवला आणि मशीन थांबलं.

"कसलं पत्र?"

"घरटी एक. ते पत्र. माझं होतं. त्याचं नव्हतं."

"मग?"

"मग तो माझ्याऐवजी गेला. सही केली आम्ही दोघांनी."

आईनं चष्मा काढला. डोळ्यांवर हात फिरवला, चष्मा परत घातला. "म्हणजे त्यानं तुझं पत्र बघितलं आणि म्हणाला, मी जातो."

इथं थांबता आलं असतं. तिनं स्वतःच वाट करून दिली होती; नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 

"नाही. मी विचारलं त्याला."

"काय विचारलंस?"

"तू जाशील का, असं."

"नीट सांग. शब्द काय होते?"

"म्हणालो, 'माझ्याऐवजी तू जाशील का?'"

"तो काय करत होता?"

"खुर्चीचा पाय घासत होता."

"आणि काय म्हणाला?"

"म्हणाला, 'कधी निघायचं?'"

"लगेच?"

"आधी पाय पुरा केला. फुंकर मारली. मग म्हणाला."

आई एकेक गोष्ट विचारत गेली. सकाळ होती की दुपार. जेवला होता का. कचेरीतला माणूस काय म्हणाला. सही कुणी आधी केली. तिचा आवाज चढला नाही की फुटला नाही. उलटतपासणी करणारा वकील बरा, इतक्या शांतपणे ती विचारत होती, आणि तो सांगत होता. सात वर्षं मनात इतक्या वेळा फिरवलेलं, की एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता.

"घाबरला होता का?"

मिस्त्रीनं मशीनवरचं कापड सरळ केलं.

"सांग ना. घाबरला होता का माझा पोरगा?"

"संध्याकाळी दुकान बंद करताना विचारलं त्यानं. 'दादा, तिथं फार आवाज होत असेल का रे?' मी म्हणालो, होते सवय."

"तुला काय माहीत, सवय होते की नाही?"

"मला काहीच माहीत नव्हतं, आई."

तिनं मान हलवली. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल गेली. मग ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज तिच्या ताब्यात नव्हता, "अकरा दिवस. अकरा दिवस मी त्याला पाठ दाखवली, आणि तू समोर बसून जेवत होतास. मीठ मागितलंस तू एकदा. मला आठवतंय ना. मी दिलं नाही, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यानं उठून दिलं तुला मीठ. तू घेतलंस."

"हो."

"एक शब्द बोलायचा होतास रे. जायचा तो गेलाच असता. पण मी त्याला जवळ घेतलं असतं. तेवढं तरी."

 मिस्त्रीनं खाली बसून तिच्या पायांना हात लावायला घेतला तशी ती खुर्चीसकट मागे सरकली.

"जा," ती म्हणाली. "माझ्या समोरून जा आधी."

पुढचे चार दिवस घरात चमत्कारिक गेले. आईनं अबोला धरला नाही. अबोला काय करून ठेवतो हे तिला आता पुरतं कळलं होतं. पण थोरल्याकडे बघून बोलणंही तिला जमेना. तिनं मधला मार्ग काढला. समोरासमोर बसून ती बबडीला सांगायची, "तुझ्या बापाला म्हणावं, चहा गार होतोय." बबडी लगेच, "बाबा, चहा गार होतोय." "म्हणावं, पिशवी फाटलीये, दुसरी ने." "बाबा, पिशवी फाटलीये." बबडीला हा खेळ फार आवडला. ती आजीचा आवाजही काढू लागली. मोठ्यांपैकी कुणीच हसलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

शिट्ट्याचा फोटो बैठकीच्या खोलीत होता, तो आईनं उचलून आपल्या खोलीत नेला आणि दार लोटून घेतलं. सुनेला तिनं एकदाच विचारलं, "तुला माहीत होतं?"

सून भांडी पुसत होती. "विचारलं नाही मी, आई. विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणून नाही विचारलं."

आईनं तिच्या हातातलं भांडं घेऊन फळीवर ठेवलं. "तुझ्या पोटात ती होती," ती म्हणाली. "तुझं राहू दे."

पाचव्या दिवशी सकाळी मिस्त्री दुकानाला निघाला तर आई दारात, पायांत चपला घालून उभी.

"मला स्टेशनवर ने."

दोघं चालत स्टेशनवर पोचली. शिट्ट्याची गाडी त्या वेळी पावणेअकराला सुटायची, अजूनही पावणेअकरालाच सुटत होती. आईनं विचारलं, कुठं उभे होतात? त्यानं दाखवलं: पाण्याच्या नळाच्या पुढं, दुसऱ्या खांबापाशी. डबा कुठला? मागून तिसरा. खिडकीत बसला होता? नाही, खिडकी मिळाली नव्हती, दारात उभा होता. जेवणाचा डबा कुठं ठेवला? डबा हातात होता. उघडून बघितला होता त्यानं, आईनं काय दिलंय ते. सगळ्यात खाली तळलेली अंडी होती, ती बघून म्हणाला होता, चार दिली, म्हणजे राग उतरतोय.

हे मिस्त्रीनं आजवर सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे बाकीचंही आलं असतं.

"चार नव्हती, पाच होती," आई म्हणाली. "एक खाली दडलं असेल." आणि मग, "तू तिकडे जाऊन बस."

तो दूर बाकावर जाऊन बसला. गाडी आली. माणसं चढली, उतरली, एका बाईची पेटी दारात अडकली, ती दोघांनी ओढून आत घेतली. आई खांबापाशी मागून तिसऱ्या डब्यासमोर उभी होती. तिचे ओठ हलत होते. मधेच तिनं बोट उगारलं, जसं लहान मुलाला दम देताना उगारतात; मग हात खाली घेतला. डब्याच्या दारातला एक माणूस गोंधळून तिच्याकडे बघत होता. गाडी सुटली. ती शेवटचा डबा जाईपर्यंत उभी राहिली, आणि नंतरही. ती काय बोलली ते मिस्त्रीला ऐकू आलं नाही, आणि त्यानं पुढंही कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर ती टेबलाशी बसली. "कागद घे," म्हणाली. "मी सांगते तसं लिही."

त्यानं लिहिलं:

*घरटी एक माणूस हवा होता.*
*पत्र थोरल्या भावाच्या नावाचं होतं.*
*थोरल्यानं विचारलं आणि धाकटा गेला.*
*त्याला जायची हौस नव्हती.*

लिहून झाल्यावर त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "आई, सगळी वस्ती वाचेल हे."

"वाचू दे. तुझी फजिती व्हावी म्हणून नाही लिहायला सांगत. तुझी फजिती बघून मला काय मिळणार?" ती कागदाकडे बघत होती. "सात वर्षं मी सगळ्यांना सांगत सुटले, त्याला हौस होती. नातीला सांगितलं. पोराला भीती वाटत होती रे. ज्याला भीती वाटतच नाही त्याचं काय कौतुक? भीती वाटत असून, आई बोलत नसून तो गेला. ते कुणालाच माहीत नाही. ते तिथं लिहिलेलं असू दे."

मिस्त्रीनं ते नीट दुसऱ्या कागदावर उतरवलं आणि शाळेत नेऊन दिलं. बाईंनी वाचलं, मान वर केली, पुन्हा वाचलं.

"मिस्त्री, हे लावायचं?"

"हो."

"आई म्हणतायत?"

"आई म्हणतायत. अक्षर माझं आहे."

नावं बसली त्या दिवशी ऊन चांगलं होतं. शाळेच्या अंगणात मुलांना रांगेत बसवलं होतं आणि घरच्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. एकेकजण पुढे येऊन वाचत होता. एका बापाला दुसरी ओळ वाचवेना, तेव्हा त्याच्या बायकोनं त्याच्या हातातून कागद घेऊन वाचला. शिट्ट्याचं नाव सातवं होतं. मिस्त्री उभा राहिला. त्याला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण फुटला. चांगला मागच्या रांगेपर्यंत पोचला. चौथ्या ओळीनंतर तो खाली बसला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचा माणूस थोडा पलीकडे सरकला. फार नाही, चार बोटं. तेवढं पुरे होतं.

कार्यक्रम संपल्यावर बरेच जण आईला भेटले. त्याला कमी भेटले. कपाटाची ऑर्डर दिलेल्या एकानं चार दिवसांनी निरोप धाडला, की सध्या नको, मग बघू. त्या दिवशी निघताना बाहेरच्या फाटकापाशी म्हातारा पोस्टमन उभा होता, नोकरीतून निवृत्त झालेला. तो त्यांच्याच गल्लीत राहायचा.

"पाकिटावरचं नाव मी वाचलं होतं," तो म्हणाला. "मीच दिलं होतं ना तुझ्या हातात. इतकी वर्षं माझं मागचं दार लागत नाही, आणि मी पलीकडच्या वस्तीतला सुतार बोलावतो. का, ते तुला कधी वाटलं नाही?"

"वाटलं," मिस्त्री म्हणाला.

म्हातारा काठीवर जोर देऊन उभा होता. "ये एकदा बघायला," तो म्हणाला. "तोही सुतार गाढवच निघाला." आणि निघून गेला.

घरी मात्र सगळं मिटलं असं झालं नाही. आई आता त्याच्याशी सरळ बोलायची. बबडीला मधे घ्यावं लागत नव्हतं. पण बोलता बोलता मधेच थांबायची आणि दुसरीकडे बघायची, आणि त्याला कळायचं की आता तिला ते मीठ आठवलंय. एकदा तो धीर करून म्हणाला, "आई, मला माफ—"

"ते माझ्याकडे मागू नकोस," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, थकलेली होती. "माझ्याकडे नाहीच ते. ते त्याच्याकडे होतं. आणि त्यानं खुर्चीचा पाय घासता घासताच देऊन टाकलं असेल तुला. तसाच होता तो. म्हणून तर जास्त जळतं."

त्या वर्षी शिट्ट्याच्या वाढदिवसाला चौघं नेहमीसारखी टेबलाशी बसली. बबडीनं सवयीनं सुरुवात केली, "आजी, काकाची गोष्ट. काका हौसेनं—"

"नाही," आई म्हणाली. "ती गोष्ट चुकीची होती. मलाच नीट माहीत नव्हती. आज दुसरी सांगते. तुझा काका बदकांना घाबरायचा."

"बदकांना?"

"बदकांना. चांगला दहा वर्षांचा घोडा झालेला. तळ्यापाशी एक बदक मागं लागलं, तर हा पळत सुटला, चप्पल एक तळ्यात, एक रस्त्यात. घरी येऊन मला सांगतो, कुत्रा होता. मोठा होता. काळा होता. आणि मागून तुझा बाप आला, तो हसून हसून जमिनीवर लोळतोय."

"पिवळ्या चोचीचा कुत्रा होता," मिस्त्री म्हणाला. त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

बबडी खिदळली. तिची आई हसली. आईही हसली, तोंडावर पदर न घेता, दात दाखवून. मिस्त्रीही हसू लागला. त्याला तो रस्ता दिसला, ती एक चप्पल, धापा टाकणारं ते पोर आणि त्याचे लालबुंद कान. तो आणखी हसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हे हसणं नाही. तो खुर्ची मागे ढकलून उठला, दाराला धडकला, आणि मागच्या अंगणात गेला. सात वर्षांत तो असा रडला नव्हता. पत्र आलं तेव्हा नाही, अधिकारी आला तेव्हा नाही. रडण्याचा आपल्याला काय हक्क, असं त्याला वाटायचं. आता तो मोठ्यानं, गुरासारखा रडत होता, आणि ते घरभर ऐकू येत होतं.

बबडी घाबरून उठली. आजीनं तिचा हात धरला आणि तिला परत खुर्चीवर बसवलं. ती स्वतः उठली नाही. अंगणाकडे तोंड करून ऐकत मात्र राहिली. सूनही तशीच बसली होती. मग आईनं नातीचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"जेव तू," ती म्हणाली. "येईल तो."